कज्जा ज्याचा, काजीही तोच!

राज्यघटना हा शब्द कानीं पडला कीं आमचे शेतकरी बंधु घोंगडी झटकून उठूं लागतात. तो वकिलांचा विषय, त्यांत आपण काय बोलावें, पावसाचें कांहीं सांगत असाल तर बसतों, असें म्हणून वाटेला लागतात. आमचे साळी, कोष्टी, सुतार, लोहार, कुंभार बंधु तेंच करतात. फरक इतकाच कीं ते घोंगडीऐवजीं पंचा झटकतात. म्हणून आज घटनेचें नांव आम्ही मागाहून घेऊं. आधीं काट्याची गोष्ट.

उंसाची गाडी कारखान्यावर जाते. ऊंस विकत घेणार कारखाना. काटा कारखान्याचा. काट्यावर बसलेला माणूस कारखान्याच्या पगारावरचा. वजनांत खोट आहे अशी शंका आली तर दाद कोणाकडे मागावी? कारखान्याच्याच शेतकी अधिकाऱ्याकडे! घेणारा तोच, मोजणारा तोच आणि तक्रार ऐकणारा तोच. 'काटामारी' हा शब्द आमच्या ऊंसवाल्यास कोणा पंडितानें शिकविला नाहीं. सगळेच कारखाने काटा मारतात असें आमचें म्हणणें नाहीं. पण जो मारीत नाहीं त्याच्या काट्याविषयींही शेतकऱ्याच्या मनांत किंतु राहतो, आणि तो राहणारच. म्हणून शेतकरी म्हणतो, आमची गाडी आधीं बाहेरच्या काट्यावर मोजूं द्या. बंधूंनो, ज्यानें बाहेरचा काटा मागितला त्याला राज्यघटनेचें पहिलें तत्त्व कळलें आहे, मग त्याला सही करतां येवो अगर न येवो.

फ्रान्स देशांत माँटेस्क्यू नांवाचा एक विद्वान होऊन गेला. त्यानें १७४८ सालीं मोठा ग्रंथ छापून जगाला सांगितलें कीं कायदा करणारा, कायदा चालविणारा आणि त्याप्रमाणें निवाडा देणारा हे तिघे निरनिराळे असावे. तिन्ही सत्ता एका मुठींत गेल्या कीं रयतेचें स्वातंत्र्य बुडालें. ग्रंथ जाडजूड आहे, मर्म मात्र काट्याएवढेंच.

आज हें सांगण्यास कारण घडलें. मागच्या पंधरवड्यांत बाजाराच्या गांवीं चार बुकें शिकलेले एक गृहस्थ चहाच्या दुकानांत मोठ्यानें बोलत होते. "जिल्हा परिषदेवर प्रशासक होता तेंच बरें होतें. सभा नाहीं, भांडण नाहीं. सही झाली कीं काम सुरू. ह्या निवडून आलेल्यांनीं नुसतें खाल्लें. सगळीकडे एकेक खमका माणूस बसवावा आणि त्याला मोकळीक द्यावी." भोंवतीं बसलेले पांच-सहा शेतकरी माना डोलवीत होते. गृहस्थांच्या बोलण्याचा आम्हांस राग आला नाहीं; त्या डोलणाऱ्या मानांनीं आमची झोप उडविली.

खमक्या माणसाचें राज्य आमच्या वाडवडिलांनीं पोटभर पाहिलें आहे. गांवचा कुळकर्णी दप्तर लिही, तोच तें वाचून दाखवी आणि वाद पडला कीं त्याच्याच दप्तराचा दाखला खरा धरला जाई. शाहू छत्रपतींनीं १९१८ सालीं करवीर राज्यांतलें कुळकर्णी वतन काढून पगारी तलाठी नेमले, तेव्हां केवढी ओरड झाली! ओरड कशाची? एका घराची लेखणी गेली याची. सावकाराचें तेंच. खातें त्याच्या घरीं, व्याजाचा हिशेब त्याच्या बोटांवर, आणि कोर्टांत त्याच्याच कागदाला मान. १८७५ च्या मे महिन्यांत पुणें जिल्ह्यांत सुपें येथें शेतकरी उठले तेव्हां त्यांचा हात सावकाराच्या दस्तांवर पडला. आमच्या अडाणी म्हणविल्या गेलेल्या कुणब्यास आपला वैरी नेमका कोठें दडला आहे तें दिसत होतें. पुढें १८७९ च्या डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्टानें न्यायाधीशास दस्ताच्या मागें जाऊन खरा व्यवहार तपासण्याची मुभा दिली, ती त्या जाळपोळीनंतरच.

पण सर्वांत मोठा सावकार सरकार. त्याची गोष्ट नीट ऐका.

१९२८ सालीं सुरत जिल्ह्यांतल्या बारडोली तालुक्यांत जमाबंदीची मुदत संपली होती. बारडोली तेव्हां आपल्याच मुंबई इलाख्यांत. जो कायदा तिच्या मानेवर तोच पुणें, सातारा, नाशिकच्या कुणब्याच्या मानेवर. महसूलखात्याच्या एका अधिकाऱ्यानें पाहणी करून धारा शेंकडा तीसच्या सुमारास वाढवावा असें लिहिलें. त्या लिहिण्यावर त्याच खात्याच्या वरिष्ठानें शेरा मारला. सरकारनें शेंकडा बावीस वाढ कायम केली. त्याच खात्याचे मामलेदार आणि तलाठी वसुलीस निघाले. रयत म्हणाली, आंकडे चुकीचे आहेत, चौकशी करा. चौकशी करणार कोण? तेंच खातें! बरें, दिवाणी कोर्टांत जावें, तर महसुलाच्या बाबतींत कोर्टांचा अधिकार किती यासंबंधीं मुंबई इलाख्याचा १८७६ चा कायदा आडवा. धाऱ्याच्या आकारणीची तक्रार दिवाणी कोर्टानें ऐकूंच नये असें त्यांत ठरवून टाकलेलें. कायदेमंडळांत ओरडावें, तर १९१९ च्या सुधारणांनीं शिक्षण, शेती, स्थानिक स्वराज्य हीं खातीं मंत्र्यांकडे दिलीं खरीं, पण जमीनमहसूल 'राखीव' ठेवला. मतें मिळवून आलेल्या माणसाचा हात तेवढ्या एका पेटीला लागूं नये अशी तजवीज! तिन्ही दारें बंद केल्यावर उरली जप्ती. म्हशी जप्त झाल्या, भांडीं जप्त झालीं, जमिनी खालसा झाल्या. आणि तालुक्याचा मामलेदार स्वतःच मॅजिस्ट्रेटही असे, जिल्ह्याचा कलेक्टरही असे. सकाळीं ज्यानें वसुलीची नोटीस काढावी, त्याच्याच हाताखालच्या कचेरींत दुपारीं आरोपी म्हणून उभें राहावें, हा त्या काळचा शिरस्ता होता.

वल्लभभाई पटेलांच्या पुढारीपणाखालीं फेब्रुवारीपासून ऑगस्टपर्यंत रयत हटली नाहीं, तेव्हां सरकार चौकशीस कबूल झालें. दोन साहेब नेमले: न्यायखात्याचे ब्रूमफील्ड आणि महसूलखात्याचे मॅक्सवेल. ते गांवोगांव हिंडले, शेतकऱ्यांस समोर बसवून विचारलें, आणि १९२९ सालीं लिहून दिलें कीं ज्या आंकड्यांवर धारा वाढविला ते भरवशाचे नाहींत; सुमारें सहा टक्के वाढ पुरे. बावीस कोठें आणि सहा कोठें! मधले सोळा कोणाच्या भाकरींतले होते? हे दोघे कांहीं आकाशांतून उतरले नव्हते. दोघेही गोरे, दोघेही सरकारचे पगारी. पण बारडोलीचा धारा ठरविण्यांत त्यांचा हात नव्हता, आणि हिशेब उघड्यावर झाला. काटा जरा बाहेरचा होतांच सोळा टक्के बाहेर पडले.

हें सगळें माहीत असलेल्या लोकांनीं आमची घटना लिहिली. ती २६ जानेवारी १९५० पासून लागू झाली. तिच्या पन्नासाव्या कलमांत सरकारास सांगितलें आहे कीं निवाड्याचें काम अंमलदारांपासून वेगळें काढा. सांगणें सोपें, करणें जड! मुंबई राज्यानें १९५१ सालीं तसा कायदा केला. सबंध देशांत नव्या फौजदारी संहितेनें हें काम व्हावयास १ एप्रिल १९७४ उजाडला. चोवीस वर्षे! तरीही शेतकऱ्याच्या वांट्यास जुनें पुष्कळ उरलें. बांधावरच्या वाटेचा तंटा १९०६ च्या मामलेदार कोर्टाच्या कायद्याखालीं तहसीलदारापुढेंच चालतो, आणि सातबाऱ्यावरच्या फेरफाराचें अपील प्रांताकडे जातें. तें स्वस्त पडतें, वकील लागत नाहीं, हें आम्ही नाकारीत नाहीं. पण ज्याच्या खात्यानें नोंद केली त्याच खात्यास नोंद चुकली काय असें विचारायचें, हा काटा अजून कारखान्याच्या आवारांतच आहे.

दुसरी गोष्ट याहून बारीक आहे. अमेरिकेंत राज्य चालविणारा अध्यक्ष कायदेमंडळांत बसत नाहीं. आमच्याकडे मंत्री होतात ते आमदार-खासदारांतूनच. म्हणजे कायदा करणारे आणि चालविणारे एकाच सतरंजीवर बसतात. सतरंजी एक असली तरी तिच्यावर एक अट घातली आहे: मंत्र्यास कायदा पाहिजे तर तो सभेपुढें मांडावा, विरोधकाचें ऐकावें, मत घ्यावें. सभा बसलेली नसेल आणि आग लागलीच असेल तर वटहुकूम काढावा, दिल्लीस कलम १२३ खालीं, राज्यांत कलम २१३ खालीं; पण सभा भरल्यापासून सहा आठवड्यांत तो मंजूर झाला नाहीं तर मेला. आग विझविण्यापुरती घागर दिली आहे. ती घागर घेऊन कोणी रोजचीच आंघोळ करूं लागला तर?

बिहारांत तेंच झालें. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेंतले प्राध्यापक डी. सी. वाधवा यांनीं बिहार सरकारचीं गॅझेटें चाळलीं. पुण्याच्या पेठांविषयीं आमचें मत वाचकांस ठाऊक आहे, पण चांगल्यास चांगलें म्हणतांना आमची जीभ अडखळत नाहीं. त्यांना आढळलें कीं १९६७ ते १९८१ या काळांत बिहारांत २५६ वटहुकूम निघाले, आणि त्यांतले कित्येक पुन्हा पुन्हा काढून वर्षानुवर्षे जिवंत ठेवले होते. सभा उठावी, जुना मरणार तोंच तोच मजकूर नवी तारीख घालून पुन्हा निघावा! आणि सर्वांत दीर्घायुषी कोणता? उंसाच्या पुरवठ्याचा आणि खरेदीचा! १९६८ सालीं जन्मलेला हा वटहुकूम जवळजवळ चौदा वर्षे जगला. चौदा वर्षांत उंसाच्या किती लागणी, किती खोडवे निघाले असतील तें आमचा वाचक बोटांवर सांगेल. तितका काळ बिहारच्या ऊंसवाल्यानें ऊंस कोणास आणि कसा घालावा हें ज्या कागदानें ठरविलें, त्या कागदावर त्याच्या आमदारानें एकदांही मत दिलें नाहीं. त्यानें पुन्हा पुन्हा मतदान केलें, आमदार निवडून पाटण्यास पाठविले, आणि पाटण्यास त्या आमदारांना कोणीं विचारलें नाहीं!

वाधवा सर्वोच्च न्यायालयांत गेले. सरकारी बाजूनें म्हणणें असें कीं या परक्या प्राध्यापकाचा बिहारच्या वटहुकुमाशीं संबंध काय? सरन्यायाधीश भगवती यांच्यासह पांच न्यायाधीशांनीं २० डिसेंबर १९८६ रोजीं निकाल दिला: घटनेप्रमाणें राज्य चालावें असा आग्रह धरण्याचा प्रत्येक नागरिकास अधिकार आहे, आणि सभेस बगल देऊन तोच वटहुकूम पुन्हा पुन्हा काढणें म्हणजे घटनेची फसवणूक. प्राध्यापकास दहा हजार रुपये खर्च देवविला. पुण्याच्या माणसानें बिहारच्या ऊंसवाल्याचा कज्जा चालविला, हें त्या ऊंसवाल्यांपैकीं किती जणांस कळलें असेल कोण जाणे.

यावर कोणी म्हणेल, बिहारांत होत असेल. मग दिल्लीचें घ्या. २०१३ च्या भूसंपादनाच्या कायद्यांत अशी अट होती कीं खाजगी कंपनीसाठीं जमीन घ्यावयाची तर शेंकडा ८० बाधितांची संमति पाहिजे, सरकार आणि कंपनी यांच्या भागीच्या कामास शेंकडा ७०. ३१ डिसेंबर २०१४ रोजीं वटहुकूम निघाला आणि पांच प्रकारच्या कामांना ही संमतीची अट उडाली. एप्रिल २०१५ मध्यें पुन्हा वटहुकूम. मे महिन्यांत तिसऱ्यांदा. राज्यसभेंत बहुमत नव्हतें हें खरें कारण. शेवटीं ३१ ऑगस्ट २०१५ रोजीं सरकारनें हात आवरला आणि तो वटहुकूम मेला. तसेंच जून २०२० मध्यें शेतमालाच्या व्यापाराचे तीन वटहुकूम निघाले. शेती आणि बाजार घटनेच्या राज्य-यादींत आहेत. केंद्रानें समाईक यादींतल्या धान्यव्यापाराच्या नोंदीचा आधार घेतला. त्यांचे कायदे झाले, शेतकरी वर्षभर दिल्लीच्या वेशींवर बसले, आणि नोव्हेंबर २०२१ मध्यें ते कायदे मागें घेतले गेले. ते कायदे बरे कीं वाईट, यावर आमच्या वाचकांत दोन तट आहेत, आणि असूं द्यावे. आमचा प्रश्न एवढाच: ज्याच्या शेताचा कायदा त्याच्या दारीं आधीं विचारण्यास काय झालें होतें? सभेंत सहा महिने भांडण झालें असतें तर वेशीवर वर्ष गेलें नसतें.

आतां त्या चहाच्या दुकानांतल्या गृहस्थांकडे वळूं. घटनेच्या २४३-ई कलमानें पंचायत संस्थांची मुदत पांच वर्षे ठरविली आहे, आणि ती संपण्यापूर्वीं निवडणूक व्हावी असें सांगितलें आहे. मार्च २०२२ मध्यें आपल्या राज्यांतल्या अनेक जिल्हा परिषदांची मुदत संपली. इतर मागासवर्गीयांच्या राखीव जागांचा वाद कोर्टांत होता. वाद खरा होता. आमच्या साळ्या-सुतारांच्या जागा त्यांत अडकल्या होत्या. पण त्या वादाच्या सावलींत तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासक बसला, आणि ज्यांच्या जागांसाठीं वाद, त्यांना एकही जागा नाहीं, अशी गंमत झाली! जिल्हा परिषदेचा प्रशासक म्हणून नेमला कोण? तिचाच मुख्य कार्यकारी अधिकारी. म्हणजे ठराव मांडणारा तो, मंजूर करणारा तो, पैसा खर्चणारा तो, आणि खर्च बरोबर झाला काय असें विचारणारी सभा म्हणजेही तोच! गृहस्थ म्हणतात, भांडण नव्हतें. एकटा माणूस स्वतःशीं भांडेल कसा?

सभासद खातात, हें त्यांचें म्हणणें आम्ही खोडीत नाहीं. खातात. पण सभासद खातो हें गृहस्थांस कळलें कसें? दुसऱ्या सभासदानें सभेंत बोंब मारली म्हणून! प्रशासकाच्या काळांत कोणीं किती खाल्लें याची बोंब ऐकूं आली नाहीं, यावरून कोणीं खाल्लेंच नाहीं असें ठरत नाहीं. आम्हीं त्या गृहस्थांस तेथेंच विचारलें, तुमचा ऊंस कोठें मोजतां? ते म्हणाले, "आधीं बाहेरच्या काट्यावर. कारखान्याचा चेअरमन आमच्या भावकींतलाच आहे, पण तरी आपलें बाहेरच्या काट्यावर."

आणि भावकीची गोष्ट निघालीच आहे तर ती अर्धी सोडणें आमच्या स्वभावांत नाहीं. लेखणी, पंचांग आणि कचेरी एका जातीच्या घरांत होती तेव्हां आमच्या आज्यांनीं रान उठविलें. आतां कित्येक तालुक्यांत काय दिसतें? कारखान्याचा चेअरमन थोरला, जिल्हा बँकेवर धाकटा, आमदार पुतण्या, जिल्हा परिषदेंत सून, शिक्षणसंस्थेवर जांवई. खुर्च्या पांच, वाडा एक! कर्ज देणारा, ऊंस घेणारा, कायदा करणारा आणि शाळेंत नोकरी देणारा एकाच पंगतीला जेवतो. वाडा आपल्या जातीचा आहे म्हणून आमचे लोक त्याला मुजरा करतात. घटनेनें खुर्च्या वेगळ्या केल्या. त्यांवर बसणारीं माणसें वेगळीं ठेवणें हें कोणत्याही कलमांत लिहिलेलें नाहीं, तें मतपेटींतच करावें लागतें. हें वाचून कांहीं वाड्यांतून आमचा अंक बंद होईल. होऊं द्या.

न्यायाधीशांवरही डोळे मिटून भिस्त ठेवूं नका. आणीबाणींत, २८ एप्रिल १९७६ रोजीं, सर्वोच्च न्यायालयांतल्या पांचांपैकीं चौघांनीं सांगितलें कीं सरकारनें कोणास डांबलें तर सुटकेची दादही मागतां येणार नाहीं. एकटे न्यायमूर्ति खन्ना उलट बोलले. पुढच्या जानेवारींत त्यांना डावलून त्यांच्याहून कनिष्ठास सरन्यायाधीश केलें, आणि त्यांनीं राजीनामा दिला. त्या चौघांत एक यशवंतराव चंद्रचूड होते. तो निकाल चुकला होता असें २०१७ सालीं ज्या निकालांत लिहिलें गेलें तो लिहिणारे त्यांचेच चिरंजीव. बापाची चूक मुलानें पुसली, पण मध्यें ४१ वर्षे गेलीं. जिल्हा परिषदांच्या बाबतींतही ऑगस्ट २०२२ मध्यें 'जैसे थे' ठेवा म्हणणारें तेंच न्यायालय, आणि चार महिन्यांत निवडणुका घ्या असें ६ मे २०२५ रोजीं सांगणारेंही तेंच. चार महिने उलटून गेले. नगरपालिकांचें मतदान सुद्धां डिसेंबरांत झालें. कोर्टाचें दार उघडें असतें, पण उंबरठा उंच, आणि आंत शिरेपर्यंत हंगाम निघून जातो.

तेव्हां प्रशासकाच्या काळाचा हिशेब आपणच मागावयाचा आहे. आपल्या गांवाच्या नांवावर त्या तीन वर्षांत जिल्हा परिषदेनें कोणतीं कामें मंजूर केलीं, प्रत्येक कामावर किती रक्कम उचलली, आणि काम झालें असा दाखला कोणीं दिला, हे तीन प्रश्न कागदावर लिहा. २००५ च्या माहिती अधिकाराच्या कायद्याखालीं अर्जाला दहा रुपये लागतात आणि तीस दिवसांत उत्तर द्यावें लागतें. उत्तर आलें कीं येत्या ग्रामसभेंत तें मोठ्यानें वाचा, रस्ता झाला म्हटलें असेल तेथें पांच जणांनीं चालत जाऊन पाहा, आणि काय दिसलें तें इतिवृत्तांत लिहून घ्या. उत्तर आलें नाहीं तर तेंही लिहून घ्या. ग्रामसेवक लिहीत नसेल तर सह्यांनिशीं वेगळा कागद करा आणि त्याची एक नक्कल आमच्याकडे पाठवा. आम्ही गांवाच्या नांवासकट छापूं.